धुऊन दिलेला ओंडका

ती. वन्संना,

समोर असतात तर पाया पडले असते. लांब आहात म्हणून कागदावरच वाकते.

तुमचं पत्र परवा पोचलं. गुडघ्याची सूज उतरली हे वाचून जीव भांड्यात पडला आणि जिना उतरताना अजून कळ येते हे वाचून तो पुन्हा बाहेर आला. शेकत जा. आमच्याकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते, सगळं ठीक आहे. तुमचे बंधू ठीक आहेत (फक्त माझ्याशी बोलताना छताकडे बघून बोलतात), लेक ठीक आहे (ती बोलतच नाही, पण ते वयाचं असावं), लाँड्रीचं दुकान ठीक आहे, आणि माझ्या डोक्यात इतका गोंधळ आहे की काल एका वकिलाचा काळा कोट मी शाळेच्या मुख्याध्यापिकेला घडी घालून दिला आणि तिने तो नेलासुद्धा. खरं तर फोन करणार होते. पण वन्सं, रागावू नका, फोनवर मी "अहो, एक सांगायचं होतं" म्हटलं की तुम्ही "हं, बोल" म्हणता आणि पुढे स्वतःच बोलता. एरवी मला ते आवडतं, माझे कष्ट वाचतात. या वेळी मात्र मला सांगायचंच आहे आणि तेही सुरुवातीपासून, कारण शेवटापासून सांगायला गेले तर तुम्हाला वाटेल की ही बाई दिलेली वस्तू परत मागायला निघाली आहे.

तर सुरुवात एका शालीपासून. गेल्या वर्षी पानगळीच्या दिवसांत दुकानात एक शाल सापडेना. पांढरी, लोकरीची, दोन्ही टोकांना लांब झालर असलेली, आणि गिऱ्हाईक तापट. मी सगळे हँगर पालथे घातले. मग मागच्या खिडकीतून सहज पाहिलं तर कुंपणापलीकडच्या रानात, तुमचं ते मोठं झाड वादळात पडलं तेव्हा पालिकेने तोडून नेलं आणि एक ओंडका तसाच टाकला ना, त्या ओंडक्यावरून शालीची झालर लोंबत होती! दोरीवरून उडाली असणार. मी धावत गेले, झालर धरली आणि ओढली. ती तुटून हातात आली. थंडगार, ओलसर, स्पंजासारखी मऊ, हाताला नकोशी आणि सोडवतही नाही अशी. मी अशी किंचाळले की हे इस्त्री तशीच ठेवून धावत आले (त्या पँटचं काय झालं ते वेगळं सांगत नाही). शाल, मागाहून कळलं, हे ज्या खुर्चीवर बसतात तिच्या पाठीवर होती आणि हे तिला टेकून, "अगं, नीट शोध," असं मला सांगत होते.

ती अळंबी होती. आपण कुत्र्याची छत्री म्हणतो तशी नव्हे. हिला छत्री नाही, दांडा नाही, नुसते पांढरे धागे खाली लोंबत असतात, एखाद्याने फार जीव लावून विणलेल्या आणि मग लाकडात विसरलेल्या झालरीसारखे. ही गोष्ट मी येईल त्या गिऱ्हाइकाला रंगवून सांगत होते आणि सगळे हसत होते. एक बाई हसल्या नाहीत. खिसेच खिसे असलेला एक कोट घ्यायला आल्या होत्या, तो काउंटरवर टाकून त्यांनी फक्त "कुठे?" एवढंच विचारलं आणि मी बोट दाखवेपर्यंत त्या कुंपण चढून पलीकडे. (कुंपणाला फाटक आहे. ते त्यांना आजतागायत दिसलेलं नाही.) या बाई विद्यापीठात बुरशीचा अभ्यास करतात. आम्ही त्यांना अळंबीबाई म्हणतो, आणि त्यांनाही ते माहीत आहे. त्या दिवशी त्या दुपारभर ओंडक्यासमोर पालथ्या पडून होत्या. परत आल्या तेव्हा केसांत पाला आणि डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, ही जात आपल्या भागातून गेली असंच सगळे धरून चालले होते. ही जिवंत झाडावर क्वचितच येते, मातीत तर येतच नाही. म्हातारं झाड पडावं, पडल्या जागी वर्षानुवर्षं कुजत राहावं, तेव्हा कुठे ही त्याच्या आत मुक्कामाला येते. आणि हल्ली कोणी काही कुजू देत नाही.

"मग हिला वाचवायला काय करायचं?" मी विचारलं.

"काहीच नाही," त्या म्हणाल्या. "कोणी काही करू नये, एवढंच."

मी म्हटलं, ते अवघड आहे. आमच्या घरात कुणालाच जमत नाही.

तरी त्यांनी मला रखवालीवर नेमलं, कारण माझं इस्त्रीचं टेबल नेमकं त्या खिडकीशी आहे. वन्सं, इथून माझ्या डोक्याचा गुंता सुरू झाला. महिन्याभरात झालर वाळून गळून गेली आणि पुढे वर्षभर तिथे काहीच दिसेना. मी राखत होते ते काय? अळंबीबाईंना विचारलं तर म्हणाल्या, ती गेलेली नाही, आत आहे. वर दिसते ते नुसतं फळ, खरा जीव म्हणजे लाकडात पसरलेले धागे. मग ती झाड आहे का? नाही. प्राणी? नाही, पण झाडापेक्षा प्राण्याच्या जवळची. मी मान डोलावली. आपल्या मोठ्या आत्यांच्या सासरची नाती समजावून सांगताना तुम्ही मला विचारता ना, "कळलं का?", तेव्हा डोलावते तशीच. आणि दुसरी गंमत म्हणजे, मी आयुष्यभर बुरशी काढायचंच काम केलं. दमट कपाटातून निघालेले सूट, लग्नानंतर पेटीत कोंबलेली रेशमी कापडं, त्यांवरचे ते पांढुरके ठिपके दिसले की माझे हात शिवशिवतात. सकाळपासून टेबलाच्या अलीकडे मी बुरशीवर ब्रश चालवायचा आणि टेबलाच्या पलीकडे, काचेतून, तिच्यावर माया करायची. कधीकधी उजव्या हाताने काय करायचं आणि डोळ्यांनी काय करायचं हेच कळेनासं व्हायचं.

पण खरं सांगू? मला सवय झाली. इतकी वर्षं त्या खिडकीतून मी फक्त दोरीवरचे कपडे वाळले का ते बघायची. आता ओंडका बघायला लागले. त्याला काही करायचं नव्हतं. तो धुवायचा नव्हता, वाळवायचा नव्हता, वेळेवर कुणाला द्यायचा नव्हता. मला वाटतं, माझ्या नजरेला पहिल्यांदाच बसायला जागा मिळाली.

आता गाडीवाले काका. तुम्हाला ते माहीत आहेत, कोपऱ्यावरचे, ज्यांची गाडी त्यांच्या घरापेक्षा रुंद आहे. त्यांनी गल्लीभर सह्या गोळा करून पालिकेला अर्ज दिला की मागचं रान नुसतं पडून आहे, तिथे फरशी घालून गाड्या लावायची सोय करावी. अळंबीबाईंनी उलटा अर्ज दिला की रानात दुर्मिळ जीव आहे, हात लावू नये. पालिकेला दोघांचंही पटलं (पालिकेला सगळ्यांचंच पटतं), म्हणून त्यांनी समिती नेमली. अळंबी खरोखर तिथे राहते असं समितीला दिसलं तर रान राहणार, नाही दिसलं तर फरशी. रानात आईंनी लावलेली ती रांगेतली झाडंही मग जाणार होती. हे त्या संध्याकाळी एकटेच फाटकाशी जाऊन उभे राहिले होते.

समिती येणार असा निरोप आला आणि माझं धाबं दणाणलं. मोठी माणसं येणार, आणि तिकडे सगळा पालाच पाला! काटक्या, चिखल, शेवाळ. आपल्या जागेची अब्रू जाणार. अळंबीबाई परगावी होत्या. मी विचार केला (हा विचार कोणी थांबवला नाही, हे मी तुमच्या बंधूंना रोज ऐकवते), की बिचारीला आल्या आल्या सगळं लखलखीत दिसलं तर केवढा आनंद होईल. हे आणि मी सकाळी खराटे घेऊन उतरलो. पाला झाडला, गोण्यांत भरला. काटक्या मोळ्या बांधून हलवल्या. झाडांच्या बुंध्यांना चुना फासला. आणि मग ओंडक्याकडे वळलो. त्याच्या बगलेला पांढुरके डाग होते, वन्सं. मी काय सांगू, हात आपोआप गेला. आधी कोरडा ब्रश, मग कोमट पाणी, कडेकडून मध्याकडे, रेशमाला करतो तसं. यांनी तर सवयीने त्याच्या टोकाला दुकानाची चिठ्ठीसुद्धा अडकवली. धुऊन उन्हात ठेवला तेव्हा तो असा दिसत होता की कुणी बघावा आणि म्हणावं, हा द्या.

आणि तेवढ्यात तुम्ही आलात. इकडे दुसऱ्या कामाला आला होतात, आणि हॉटेलच्या चादरी पोचवायला टेम्पो तुमच्या गावाकडे निघालाच होता, त्यातून परत जायचं म्हणून. तुम्ही कंबरेवर हात ठेवून सगळीकडे बघितलंत आणि म्हणालात, "वा! आता कसं माणसांच्या रानासारखं दिसतंय." मला इतकं बरं वाटलं. आणि मग तुम्ही ओंडक्यावर हात फिरवलात आणि वेगळ्याच आवाजात म्हणालात की या झाडाच्या फांदीला तुमचा झोका होता. हे लगेच म्हणाले, "ने की, ताई. तुझाच आहे." मला अळंबी आठवली होती, वन्सं. तोंड उघडलं होतं मी. पण तुमचा चेहरा बघून मिटलं. वाटलं, अळंबी काय, समितीला खिडकीतून कुठेतरी दाखवू. (म्हणजे काय दाखवणार होते, मलाही माहीत नाही.) मीच चादरींच्या गठ्ठ्यात त्याला नीट बसवून दिलं.

दुसऱ्या दिवशी समिती आली. अध्यक्षसाहेबांनी पाऊल ठेवलं आणि म्हणाले, "अरे वा, इतकी स्वच्छ, सपाट जागा! गाड्यांसाठी उत्तम." गाडीवाले काका असे हसले की त्यांचे सगळे दात मी पहिल्यांदाच पाहिले. मागून अळंबीबाई कुंपण चढून आल्या. उतरल्या आणि खालीच बसल्या. मग मला हळूच म्हणाल्या, "पाला कुठे आहे?"

"गोण्यांत," मी म्हटलं.

"काटक्या?"

"बांधल्या."

"आणि ओंडका?"

मी म्हटलं, "धुऊन दिला."

"कुणाला दिला?"

"वन्संना."

"या वन्सं कोणत्या संस्थेत आहेत?"

वन्सं, मला हसू आणि रडू एकदमच आलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त यांनी चुना फासलेल्या एका बुंध्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि पांढरा हात घेऊन गेल्या. अध्यक्षसाहेब मात्र माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी सांगितलं की पानगळ संपायच्या आत समिती एकदा परत येईल. तेव्हा दिसली तर दिसली.

त्यानंतरचे दिवस मी काय काय केलं ते सांगितलं तर तुम्ही तुमच्या भावाला माझ्याबद्दल चार शब्द लिहाल. मी गोण्या उघडल्या आणि सगळा पाला रानात परत पसरला. हॉटेलच्या पांढऱ्याशुभ्र पिशव्यांतून चिखल वाहून नेला. मोळ्या सोडून काटक्या विस्कटल्या, आणि त्या नीट विस्कटल्यासारख्या दिसेनात म्हणून पुन्हा विस्कटल्या. आपल्याला विस्कटायलासुद्धा येत नाही हे मला या वयात कळलं. गाडीवाले काका गॅलरीतून बघत होते. "वहिनी, परवा झाडत होता, आज कचरा टाकताय! डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हटलं, "नाही, ते धुवायला टाकलंय." यांनी मदत म्हणून सुताराकडून एक दुसरा ओंडका आणून त्या जागी ठेवला. अळंबीबाईंनी त्याला एकच बोट लावलं आणि म्हणाल्या, "याला पॉलिश आहे." तेव्हापासून हे छताकडे बघून बोलतात.

त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आशा एकच आहे. बाहेरून धुतल्याने आतले धागे मरत नाहीत. ओंडका परत आपल्या जागी, पूर्वी होता तसाच, त्याच कुशीवर ठेवला, वर पाला आला, कुणी त्याच्याकडे प्रेमाने ब्रश घेऊन गेलं नाही, तर झालर फुटेल, कदाचित समिती येईपर्यंतही. मी रोज खिडकीतून त्या रिकाम्या जागेकडे बघते. जिथे ओंडका होता तिथे मातीत एक लांबट खळगा आहे, माणूस झोपून उठल्यावर गादीत राहतो तसा. आणि रोज ठरवते की आज वन्संना लिहावं, आणि रोज वाटतं, कसं लिहू? आई गेल्यापासून या घरातून तुम्ही कधी चमचासुद्धा मागितला नाहीत. पहिल्यांदा काही हौसेने नेलंत. ते मी कोणत्या तोंडाने मागू, आणि तेही एका बुरशीसाठी?

मग परवा तुमचं पत्र आलं. त्यात तुम्ही लिहिलंय की ओंडका बैठकीत ठेवलाय, वर काच टाकून त्यावर वर्तमानपत्रं ठेवता, येणारा-जाणारा कौतुक करतो. आणि पुढे लिहिलंय की खिडकीकडच्या बाजूला हल्ली काहीतरी पांढरं, लोकरीसारखं फुटायला लागलंय, तू या कामातली आहेस तर कोणतं औषध लावून घासू ते कळव.

वन्सं, ते वाक्य वाचून मी दुकानातल्या दुकानात खाली बसले. हे विचारायला लागले, "काय झालं? ताई बरी आहे ना?" मी म्हटलं, "बरी आहे. अळंबीसुद्धा बरी आहे." मग आम्ही दोघं नुसते एकमेकांकडे बघत बसलो, म्हणजे तेही माझ्याकडे, छताकडे नव्हे. एका गिऱ्हाइकाने घंटी वाजवून वाजवून शेवटी आपला शर्ट आपणच शोधून नेला.

औषध कोणतंही लावू नका. घासू नका, पुसू नका, त्याच्याकडे जोरात श्वाससुद्धा सोडू नका. काच तेवढी उचलून ठेवा. बाकी तुमची तब्येत सांभाळा, गुडघा शेकत जा, आणि आमच्यावर लोभ आहे तो या पत्रानंतरही असू द्या.

तुमची,
धाकटी वहिनी

ता. क. हे पत्र पोस्टाने टाकत नाही, टेम्पोवाल्याच्या हातात देते. तो चांगला माणूस आहे, त्याला चहा द्या. या वेळी त्याच्याकडे चादरी नाहीत, टेम्पो रिकामा आहे आणि आत ओला पाला पसरलाय. आता तुमच्या लक्षात आलंच असेल. मी इतकी पानं लिहून शेवटी मागितलंच. हे म्हणतात, एवढं लांबण लावायची गरज नव्हती, ताई नाही म्हणणारच नाही. मी म्हटलं, मग तुम्हीच का नाही लिहिलंत? तेव्हापासून ते टेम्पोत पाला पसरण्यातच गुंतलेत.

आणखी एक. तुम्ही आधीच घासून काढलं असेल तर तसं मला कळवू नका. मी विचारणारही नाही. अळंबीबाई म्हणतात, वरून काहीच दिसलं नाही तरी आत असतं, आपल्या वेळेने परत येतं. हे मला त्या जीवाबद्दल अजून नीट समजलेलं नाही, पण माणसांबद्दल थोडंफार समजल्यासारखं वाटतं.

आणि हे शेवटचं, खरंच शेवटचं. ओंडका जागेवर होता तेव्हा त्याची कोणती बाजू वर होती यावरून इथे रोज वाद होतो. हे एक सांगतात, मी दुसरं. अळंबीबाईंकडे ढीगभर फोटो आहेत, पण सगळे इतक्या जवळून काढलेले की त्यांत ओंडका कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो तेच कळत नाही. याल तेव्हा चहाचा कप घेऊन त्यावर बसायच्या त्या फक्त तुम्ही, म्हणजे खरी बाजू तुम्हालाच ठाऊक. तेव्हा जिना हळू उतरा आणि टेम्पोत पुढच्या सीटवर बसा, मी तिथे उशी ठेवली आहे. राहायचंच येणं करा, रान वाचलं तर वाचलं, नाही तर निदान ते जाताना तुम्ही इथे असाल. टेम्पोवाल्याला बजावलंय की ओंडका एकटा आणायचा नाही. तो म्हणाला, "आणि ताई यायला नाही म्हणाल्या तर?" मी म्हटलं, तर तूही तिथेच राहा, जेवणाचं त्या बघतील.